मुलगी तबला शिकतेय, घरात कोणालाच संगीत येत नाही. आम्ही नक्की काय करायचं?

मांजलपूरची_आई

नमस्कार. आम्ही बडोद्यात राहतो. मुलगी ९ वर्षांची आहे. मार्चपासून तबल्याच्या क्लासला जाते, आठवड्यातून दोन दिवस. घरात सूर-ताल कोणालाच कळत नाही. नातेवाइकांकडून आलेला जुना तबला-डग्गा आहे. तबल्याच्या पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, व्यास मोजला तर पावणेसहा इंच भरला. डग्गा पितळी आहे.

एप्रिलमध्ये बरा वाजत होता. जुलै लागल्यापासून ‘ना’ऐवजी ‘थप्’ असा आवाज येतो. क्लासमधल्या तबल्यावर तिचा हात ठीक पडतो असं सर म्हणतात, घरी मात्र तोच बोल निघत नाही आणि मग चिडचिड. रोज अर्धा तास रियाज सांगितलाय. आम्ही शेजारी बसतो, पण चूक की बरोबर ते सांगता येत नाही. यूट्यूबवर पाहून बोटं दाखवायला गेलो तर म्हणते, सर असं सांगत नाहीत. वरच्या मजल्यावरून आवाजाची तक्रारही येऊन गेली. पुढे नवरात्र, म्हणजे दहा दिवस खाडाच. आमच्यासारख्यांनी काय करावं आणि काय करू नये, कोणी नेमकं सांगेल का?

साडेपाच_इंच

ताई, ‘थप्’ हा दोष हाताचा नाही, वाद्याचा आहे. पावसाळी हवेत पुडीचं कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि तबला उतरतो, म्हणजे त्याचा स्वर खाली जातो. उतरलेल्या तबल्यावर ‘ना’ काढायला मूल जोर लावतं. जोर लावला की तर्जनी चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) पडून लगेच उचलली जात नाही, दबून राहते, आणि आवाज आणखी मरतो. महिनाभर असं वाजवलं की हाताला तीच सवय लागते आणि मग ती मोडायला सरांचे दोन महिने जातात. त्यामुळे शिकवण्याच्या भानगडीत तुम्ही पडूच नका. लागलेला, म्हणजे सुरात लावलेला, तबला मुलीच्या पुढ्यात ठेवणं एवढं तुमचं काम, आणि ते संगीत न येणाऱ्यालाही शिकता येतं.

आता मापाबद्दल. पावणेसहा इंच ९ वर्षांच्या हाताला मोठा आहे. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर पडते. पुडी मोठी असली की हे अंतर वाढतं, मग मूल मनगट वाकडं करतं किंवा अनामिका उचलूनच टाकते. अनामिका उचलली की ‘ना’ची आस (मागे रेंगाळणारा नाद) जाते. या वयाला पाच किंवा सव्वापाच इंच बरा. ढोबळ हिशेब असा (काळी-पांढरी म्हणजे पेटीच्या पट्ट्या, त्यावरून स्वर सांगतात): साडेपाच इंची तबला काळी एकच्या आसपास बोलतो, सव्वापाच पांढरी दोन ते काळी दोन, पाच इंची पांढरी तीन-चार. तुमचा पावणेसहा पांढरी एकच्या जवळपास राहील. त्याला ठोकून ठोकून काळी दोनला चढवायला जाऊ नका, पुडी फाटेल.

नवा घ्यायचा झाला तर फक्त तबला घ्या, डग्गा तोच चालेल. पितळी आहे ते चांगलंच. ॲल्युमिनियमचे हलके डग्गे चुंबळीवरून सरकतात आणि घुमाराही पोकळ येतो. तबला घेताना खोड शिसवीचं आहे का आणि चीर गेलेली नाही ना ते बघा. चाटेवर गोल फिरत ‘ना’ वाजवून बघा, कुठेही खरखर नको. शाईला बारीक भेगांची जाळी असतेच, ती शाई घोटतानाच पडलेली असते, तो दोष नव्हे. पण टवका उडालेला असेल तर घेऊ नका. गठ्ठे, म्हणजे वादीखाली (ताणलेल्या कातडी पट्टीखाली) खोवलेले लाकडी ठोकळे, खोडाच्या साधारण मध्यावर असावेत. आधीच तळाशी गेलेले असतील तर वादी ताणायला जागाच उरलेली नसते, आणि दुकानदार नेमका तोच ‘टणटणीत’ म्हणून दाखवतो.

बैठकीकडेही बघा. मुलं जमिनीवर बसली की तबला त्यांच्या पोटाच्या वर येतो, कोपरं उचलली जातात आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. खाली घडी घातलेली सतरंजी किंवा घट्ट गादी द्या, दोन ते तीन इंच जाडीची. उशी नको, ती दबते. कोपर पुडीच्या पातळीला किंवा किंचित वर असावं. तबला चुंबळीवर ठेवून मुलीपासून थोडा पुढे झुकता ठेवायचा. डग्गा बहुतेक सपाट, त्याची शाई मनगटापासून लांबच्या बाजूला, म्हणजे मनगट मोकळ्या कातड्यावर टेकतं आणि बोटं शाईच्या पलीकडे पडतात. घरोघरी डग्गा उलटा ठेवलेला असतो आणि ‘घे’ हा डग्ग्याचा बोल का घुमत नाही याचा शोध चाललेला असतो!

गजरा_आणि_वादी

वरच्या उत्तरात ‘लागलेला तबला’ म्हटलंय, तो लावायचा कसा, ते लिहितो. पहिले दोन आठवडे वेळ लागेल, मग पाच मिनिटांचं काम आहे.

हातोडी तबल्याचीच घ्या. खिळे ठोकायची जड असते आणि तिच्या कडेने गजरा, म्हणजे पुडीभोवतीची कातडी वेणी, कापला जातो. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, सव्वापाच इंचीला पांढरी दोन, तुमच्या सध्याच्याला पांढरी एक. गिटारचा ट्यूनर वापरलात तरी चालतो, पण तबल्याचा आवाज आखूड असल्यामुळे काटा उड्या मारतो. फोन हातभर अंतरावर ठेवा आणि एकेक ‘ना’ सुटा वाजवा. साडेपाच इंचीची काळी एक म्हणजे साधारण २७७ हर्ट्‌झ, हा आकडा लक्षात ठेवला तर ट्यूनरने सप्तक चुकवलं तरी कळेल.

गजऱ्यातून वादी १६ ठिकाणी ओवलेली असते, त्या जागांना घरं म्हणतात. एका घरावर खडूने खूण करा. खुणेपाशी चाटेवर ‘ना’ वाजवून तानपुऱ्याशी ताडून बघा. मग बरोबर समोरचं घर, मग त्यांना काटकोनातली दोन. या चार जागा एका आवाजाच्या झाल्या की मधल्या चार, आणि शेवटी उरलेल्या आठ. जिथे आवाज खाली आहे तिथे गजऱ्यावर वरून खाली हलका ठोका, जिथे चढलाय तिथे गजऱ्याच्या खालून वर. एका वेळी एक-दोन ठोके, लगेच वाजवून ऐका. हातोडीचा माथा गजऱ्यावरच पडला पाहिजे. चाटेवर किंवा शाईवर एकदा जरी पडला तरी पुडी कायमची बिघडते.

सगळीच घरं एकसारखी खाली असतील, अर्ध्या स्वराहून जास्त, तर गजरा ठोकत बसू नका. आठ गठ्ठे आहेत, ते वरून ठोकून खाली सरकवा, आठही सारखे, समोरासमोर जोड्या घेत. एकच गठ्ठा खाली नेला तर पुडी तिरकी बसते आणि पुढे कितीही लावलात तरी एका बाजूला बेसूर राहते. नवशिके नेमके इथे चुकतात: कानाला जे घर खाली वाटतं तेच रोज ठोकतात. खरं तर समोरचं घर चढलेलं असतं आणि त्याला खालून मारायची गरज असते. चार दिवसांनी गजरा एका अंगाला पार उतरलेला दिसतो.

बडोद्याच्या हवेबद्दल. पावसाळ्यात तबला उतरतो, रोज लावावा लागेल, हे गृहीत धरा. पण पाऊस थांबून कोरडी हवा आली की तोच तबला आपोआप चढतो, तेव्हा गठ्ठे थोडे वर घ्यायला विसरू नका. एप्रिल-मे मध्ये उन्हाने कातडं आवळतं. सुट्टीत गावाला जाताना ताणलेला तबला तसाच कपाटात ठेवून गेलात तर परत आल्यावर चाट उललेली सापडेल. निघताना गठ्ठे बोटभर वर. कूलर हा वेगळाच शत्रू आहे. त्याची हवा ओली असते, समोर ठेवलेला तबला अर्ध्या तासात उतरतो आणि मूल वाजवताना गोंधळतं. एसीची हवा उलट कोरडी. एसीच्या खोलीतून उचलून लगेच दमट ओसरीत नेऊन वाजवू नका, दहा-पंधरा मिनिटं बसू द्या. उन्हात तापवणं, हेअर ड्रायर, गॅसवर धरणं, यातलं काहीही नको. शाई सुटते.

ती शाई म्हणजे लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचा थरावर थर. तबला ढोलासारखा नुसता धबधबत नाही, सुरात बोलतो, तो तिच्यामुळेच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये यावर शोधनिबंध लिहिले होते. तिला पाणी चालत नाही, तेलही चालत नाही. सेव-उसळ खाऊन आलेले हात आधी साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. हात घामेजत असतील तर पावडर चिमूटभर, तळव्याला चोळून झटकलेली. पुडीवर शिंपडलेली पावडर शाईच्या भेगांत बसते. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि गादीचं झाकण घाला. तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं दर आठवड्याला कापायची, अंगठी-कडं काढायचं.

डग्ग्याला फार ठोकू नका. ‘घे’ खोल आला आणि मनगट पुढे सरकवल्यावर आवाज वर चढला की झालं. फार ताणला तर घुमारा जातो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही.

मांजलपूरची_आई

खूपच उपयोगी. आज करून बघितलं. खुणेपासून चार घरं जुळली, पण मधल्या घरांशी झगडताना पहिली परत बिघडली. असं होतं का? आणि एक ठोका चाटेवर बसला, पांढरट वळ उठलाय. पुडी गेली का?

गजरा_आणि_वादी

होणारच. पुडी एकच अखंड कातडं आहे, एका जागी ताण वाढला की शेजारच्या घरांचा बदलतो. म्हणून पहिल्या फेरीत पूर्ण जुळवायचं नाही, जवळ आणून सोडायचं. दुसऱ्या फेरीत अर्धे ठोके, तिसरीत नुसता स्पर्श. तिसऱ्या फेरीनंतरही एखादं घर हट्टाने बेसूर राहिलं तर तिथे वादी अडकलेली किंवा पिळलेली असते, ती बघा.

वळावर ‘ना’ वाजवून बघा. खरखर नसेल आणि चाट सुटून वर आलेली नसेल तर चालवा. तिथे पुन्हा हातोडी लावू नका, शेजारची दोन घरं वापरा.

जुना तबला आहे म्हणून आणखी एक. आठही गठ्ठे तळाला पोहोचलेत आणि आवाज तरी खालीच, असं असेल तर वादी लांबली आहे. ती घरी ओढू नका, त्याला ताकद आणि सवय दोन्ही लागतात. कारागिराकडे ‘वादी ओढून द्या’ एवढंच सांगा. पुडी नवीन घाला असा आग्रह झाला तर शाईकडे बोट दाखवून कारण विचारा. शाई अखंड आणि चाट शाबूत असेल तर नव्या पुडीची गरज नसते.

नववी_मात्रा_खाली

वाद्याचं झालं, आता त्या अर्ध्या तासाचं. सलग अर्धा तास या वयाला जड आहे. पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा करा, शाळेआधी आणि संध्याकाळी. सकाळचा वेळ हातासाठी, संध्याकाळचा तालासाठी.

तुम्ही यात खरोखर काय करू शकता, तर टाळी. तीनताल १६ मात्रांचा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात बाहेर, म्हणजे खाली. वहीत सरांनी लिहिलेली फुली म्हणजे सम (पहिली मात्रा), शून्य म्हणजे खाली, २ आणि ३ म्हणजे पुढच्या टाळ्या. हे दोन दिवसांत तुम्हालाही येईल. तिने तबल्याला हात लावण्याआधी पाच मिनिटं पढंत: ती तोंडाने बोल म्हणणार, तुम्ही टाळी धरणार, मग उलट. जो बोल तोंडात अडखळतो तो हातात अडखळतोच. तेव्हा चूक शोधायला बोटांकडे बघायची गरजच नाही, ती पढंतीत आधी ऐकू येते.

पहिला कायदा (रियाजासाठीची बोलांची रचना) बहुधा हाच असेल: धा धा ति ट, धा धा तू ना, ता ता ति ट, धा धा धी ना. मेट्रोनोम (लय मोजणारं ॲप) ६० वर ठेवा, मात्रेला एक बोल. सलग चार आवर्तनं न अडखळता आली की ६४, मग ६८. अडखळली की एक पायरी खाली, आणि त्यात शिक्षा नाही. लय कुठे पळते ते ऐकून ठेवा. बहुतेक मुलांची ‘ता ता ति ट’ला पळते, कारण तिथे डग्गा बंद होतो, डावा हात रिकामा पडतो आणि उजवा आधाराशिवाय धावतो. त्या वेळी तुम्ही नवव्या मात्रेला हात ठळक बाहेर काढलात तर ती सावरते. तोंडाने ‘हळू’ म्हणू नका, बोल तुटतो.

मेट्रोनोम महिनाभर, त्यानंतर लहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी धून. लहरा तबल्याच्याच स्वरात लावा, नाहीतर आधीची सगळी लावालावी वाया.

यूट्यूबवरून बोटं दाखवणं आजपासून बंद करा, आणि इथे मुलगी बरोबर आहे. ‘तिट’चा ‘ति’ दिल्ली पद्धतीत एकट्या मधल्या बोटाने वाजवतात, दुसरीकडे मधलं, अनामिका आणि करंगळी एकत्र पडतात. दिल्लीचा ‘ना’ चाटेवर, पूरबकडे (लखनौ-बनारस बाजूला) लवेवर, म्हणजे चाट आणि शाईच्या मधल्या कातड्यावर, खुलून वाजतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच हातात पहिल्या वर्षी दोन्ही कोंबले तर एकही बसत नाही. व्हिडिओ दाखवायचाच तर मोठ्या कलाकाराचं स्वतंत्र वादन दाखवा, धडे नकोत.

सरांना तीन गोष्टी विचारा: या आठवड्याचा कोणता बोल, किती लयीत, आणि कोणतं बोट कुठे. तिसऱ्याचा फोटो काढून ठेवा. उत्तरं वहीत तिच्याच हाताने लिहून घ्या. बडोद्याला संगीत लिहून शिकवायचं नवल नाही. मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा काढली तेव्हा स्वतःची स्वरलेखन पद्धत वापरली होती. आज सुरसागरजवळची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्‌स त्याच शाळेतून वाढलेली आहे.

सुरसागरचा_कट्टा

त्या फॅकल्टीत आणि गावात इतरत्र होणाऱ्या मैफिलींना मुलीला जरूर न्या, पण एका वेळी पाऊण तास पुरे. मागे बसवू नका, तबलजीचा उजवा हात दिसेल अशा बाजूला बसवा. तिला एकच काम द्या: सम आली की माझा हात दाब.

परीक्षेचं कोणी काढलं नाही अजून, पण निघेलच. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण असा क्रम आहे. मार्चमध्ये सुरुवात केलेल्या मुलीला याच वर्षी बसवायची घाई करू नका. परीक्षेआधीचे तीन महिने घोकंपट्टी चालते आणि हात तिथल्या तिथे राहतो.

साडेपाच_इंच

परीक्षेबद्दल अर्धा असहमत. तारीख नसली की काही मुलं एकाच कायद्यावर वर्ष काढतात. सरांना विचारा, हात बसलाय का. ‘हो’ म्हणाले तर बसवा. गुण किती पडतील हे मात्र घरात बोलायचं नाही.

शेजाऱ्यांचं: जमिनीतून जाणारा धक्का डग्ग्याचा असतो, तबल्याचा नव्हे. चुंबळीखाली जाड सतरंजीची चौपदरी घडी किंवा रबरी चटई टाका, निम्मी तक्रार कमी होईल. भिंतीला पाठ लावून नव्हे, खोलीच्या मध्यावर बसवा. पुडीवर टॉवेल टाकून वाजवणं ‘तिट’साठी चालतं. ‘ना’साठी मुळीच नाही, कारण बोट उचललं की नाही ते ऐकूच येत नाही.

नववी_मात्रा_खाली

नवरात्रीत खाडा धरू नका, रियाजाचं रूप बदला. रात्री उशिरापर्यंत गरबा, सकाळी शाळा, अशा दिवसांत पाच मिनिटं पढंत पुरते. आणि गरबा हाच ताल आहे ना! हींच हा गरब्याचा ताल ६ मात्रांचा चालतो, तुमचा दादराही ६ मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. मैदानात उभ्या उभ्या तिला मोजू द्या, कुठला गरबा सहाचा आणि कुठला आठाच्या कहरव्यात. त्रण ताळीच्या (तीन टाळ्यांच्या गरब्याच्या) टाळ्या आणि तीनतालाच्या टाळ्या मात्र एक नव्हेत, तिथे गोंधळ होतो, आधी सांगून ठेवा. ढोलवाल्याची काठी हातात घेऊन बघायची हौस असेल तर घेऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी तबल्यावर हात जड पडेल. ‘ना’ला जोर लागतोय असं दिसलं तर त्या दिवशी नुसता ‘तिट’.

गजरा_आणि_वादी

आणखी एक, सगळे विसरतात. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग. १४ आणि १५ जानेवारीला मांजाने तर्जनीच्या पहिल्या पेराला काप जातो, आणि ‘ना’ तिथेच पडतो. मुलीला पतंग उडवू नको म्हणणं बडोद्यात शक्य नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाला आदल्या दिवशीच कागदी मेडिकल टेपचे दोन वेढे द्या, पेरावर, घट्ट नकोत. कापलंच तर जखम मिटेपर्यंत उजवा हात बंद आणि त्या दिवसांत फक्त डग्गा: ‘घे’ आणि ‘के’ हे डाव्या हाताचे बोल, ६० च्या लयीत. एरवी डाव्याकडे कोणी बघत नाही, तेवढीच त्याला संधी.